पहिली गाडी बुक करण्याआधी : नव्या ट्रकमालकांना आणि त्यांच्या घरच्यांना खुलं पत्र

प्रति,
ट्रक घेऊन वाहतुकीच्या धंद्यात उतरू पाहणारे तरुण मित्र आणि त्यांना जामीन राहणारे त्यांचे आई-वडील, भाऊ, मामा

सप्रेम नमस्कार.

डाउन पेमेंट भरण्याआधी हे पत्र घरात सगळ्यांनी मिळून एकदा वाचा. घरच्यांनाही लिहितोय, कारण कर्जाच्या कागदावर पोराच्या सहीखाली जामीनदाराची सही असते आणि हप्ते थकले की वसुलीचा फोन त्यांनाही येतो. आम्ही गाड्या चालवणारे, भाडी लावणारे, गाड्यांचे हिशेब लिहिणारे लोक आहोत. नव्या माणसानं या धंद्यात येऊ नये असं आमचं मुळीच म्हणणं नाही. फक्त गाडी सगळ्यात शेवटी घ्या. आधी जातानाचं भाडं, मग परतीचं भाडं, मग हातातली रोकड आणि त्यानंतर गाडी. फायनान्स पटकन मिळतो म्हणून बहुतेक जण गाडी आधी आणतात आणि दारात उभी राहिल्यावर भाडं शोधायला निघतात. तोवर पहिल्या हप्त्याची तारीख आलेली असते.

भाडं शोधणं म्हणजे आपल्या भागातून रोज काय माल निघतो, कुठं जातो आणि वर्षातले किती महिने निघतो हे बघणं. लासलगाव-पिंपळगावकडून कांदा निघतो, जालन्यातून लोखंडी सळई, कोल्हापूर-सांगलीकडून साखर, चाकण आणि वाळूजमधून गाड्यांचे सुटे भाग, भिवंडीच्या गोदामांतून सगळंच. या प्रत्येक मालाला वेगळी गाडी लागते. सुटे भाग वजनाला हलके आणि जागा खाणारे, त्यांना बंद कंटेनर बॉडी हवी, तिथं टनापेक्षा फूट महत्त्वाचे. सळईला मजबूत, लांब, उघडी बॉडी हवी. कांद्याला हवा खेळती हवी. कंटेनर घेऊन बाजार समितीच्या दारात उभं राहिलात तर भाडं मिळणार नाही, आणि उघडी गाडी घेऊन कंपनीच्या गेटवर गेलात तर आत घेणार नाहीत. त्यामुळे ‘कोणती गाडी घेऊ?’ हा प्रश्न शोरूममध्ये विचारायचाच नाही. तो माल भरणाऱ्याला विचारायचा.

दोन महिने द्या. कळंबोली, निगडी किंवा तुमच्या जवळच्या ट्रान्सपोर्ट नगरात एखाद्या ओळखीच्या एजंटाच्या ऑफिसात बसा. फोनवर दर कसा ठरतो, पावसाळ्यात तो कुठं जातो, दिवाळीआधी कुठं जातो, महिनाअखेरीला कंपन्या माल ढकलतात तेव्हा गाड्यांची कशी ओढाताण होते, हे कानावर पडू द्या. मग एखाद्या जुन्या ड्रायव्हरबरोबर क्लीनर म्हणून त्याच रस्त्यावर दोन खेपा करा. परतीचं भाडं किती वेळात मिळालं, गाडी खाली व्हायला किती तास लागले, कुठं किती पैसे गेले, सगळं वहीत उतरवा.

आता हिशेब. हे आकडे नमुन्याचे आहेत, तुम्ही तुमच्या वहीतले घाला, पण रीत हीच ठेवा. समजा १८.५ टनांची सहाचाकी गाडी आहे आणि चाकण ते बेंगळुरू माल न्यायचा आहे. एका बाजूला सुमारे ८५० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन १,७००. गावातलं फिरणं, माल भरायला आडवाटेनं जाणं धरून १,८०० म्हणू. लिटरला ५ किलोमीटरचं ॲव्हरेज पडलं तर ३६० लिटर, आणि ९० रुपये दरानं डिझेलचे ३२,४०० रुपये. बीएस सहा (प्रदूषणाचं नवं मानक) गाडीला लागणारा डीईएफ, म्हणजे एक्झॉस्टचा धूर स्वच्छ करणारं द्रव, ज्याला सगळे युरियाच म्हणतात, त्याचे १,०००. टोल दोन्ही बाजूंचा ९,५००. ड्रायव्हरचा पगार आणि भत्ता खेपेमागे ६,५००. काटा, पार्किंग, दोर-ताडपत्री, हमाली यांचे २,५००. टायर झिजतात, त्याचे किलोमीटरला दीड रुपया धरून २,७००, आणि मेंटेनन्सचेही तेवढेच. परतीच्या भाड्याचं कमिशन १,२००. एकूण झाले ५८,५००.

जातानाचं भाडं ४५,००० आणि परतीचं २८,००० मिळालं तर हातात आले ७३,०००. खेपेमागे राहिले १४,५००. महिन्यात चार खेपा झाल्या तर ५८,०००. हा नफा नव्हे. यातून २० लाखांच्या कर्जाचा हप्ता जायचाय. घटत्या शिलकीवर ११ टक्के व्याजानं पाच वर्षांसाठी तो सुमारे ४३,५०० बसतो. विम्याचे महिन्याला ६,००० ते ६,५००, टॅक्स-परमिट-फिटनेसचे तीन-साडेतीन हजार. म्हणजे ५३,०००. चार खेपा झाल्या तर ५,००० उरले. तीनच झाल्या तर साडेनऊ हजार खिशातून गेले.

ही चौथी खेप कशी हुकते ते नीट समजून घ्या. गाडी बंद पडून ती क्वचितच हुकते. शनिवारी दुपारी गाडी गोदामाच्या गेटवर पोचते, आत घेत नाहीत, रविवारी सुट्टी, सोमवारी आधीच्या सहा गाड्या रांगेत, मंगळवारी संध्याकाळी खाली. तीन दिवस गेले. तिथून परतीच्या भाड्यासाठी दीड दिवस. अशी एक खेप लांबली की महिन्यात चौथी बसत नाही. म्हणून हॉल्टिंगचं, म्हणजे गाडी थांबवून ठेवल्याच्या भरपाईचं, बोलणं भाडं ठरवतानाच करायचं. पोचल्यापासून किती तास मोफत, त्यानंतर दिवसाला किती, हे व्हॉट्सॲपवर लेखी घ्यायचं आणि गाडी गेटवर पोचल्याची वेळ पोच पावतीवर गेटच्या माणसाकडून लिहून घ्यायची. लेखी नसेल तर हॉल्टिंग कुणी देत नाही. शुक्रवारी किंवा शनिवारी पोचेल असा माल उचलण्याआधी दोनदा विचार करा.

रिकामं परतणं त्याहून महाग. वरच्या हिशेबातून परतीचं भाडं काढून बघा, खेप सरळ तोट्यात जाते. म्हणूनच ‘जातानाचा रेट चांगला आहे’ एवढ्यावर गाडी बुक करू नका. दोन्ही टोकांना किमान दोन-दोन एजंट ओळखीचे हवेत, आणि ते गाडी घेण्याआधी हवेत.

कर्जाबद्दल एक गोष्ट घरच्यांनी मुद्दाम लक्षात घ्यावी. फायनान्सवाला ‘फक्त सात टक्के’ म्हणाला तर विचारा, फ्लॅट, म्हणजे शेवटपर्यंत पूर्ण मूळ रकमेवर, की घटत्या शिलकीवर? २० लाखांवर फ्लॅट ७ टक्के म्हणजे पाच वर्षांचं व्याज सात लाख, एकूण २७ लाख, हप्ता ४५,०००. हेच घटत्या शिलकीवर मोजलं तर साडेबारा टक्के पडतं. म्हणजे अकरा टक्के सांगणारी बँक इथं स्वस्त आहे. दुसरं, नुसती चेसिस घेऊन बॉडी बांधायला टाकली तर बॉडीला आणि पासिंगला, म्हणजे आरटीओच्या नोंदणीला, मिळून तीन-चार आठवडे सहज जातात, पण हप्ता कर्जाची रक्कम वाटल्याच्या तारखेपासून मोजला जातो. गाडीनं एक किलोमीटरही न कमावता पहिला हप्ता येतो. तयार बॉडीची गाडी घ्या किंवा पहिला हप्ता पुढं ढकलून घ्या, आणि तेही मंजुरीपत्रात लिहून घ्या. डाउन पेमेंट भरल्यानंतर तीन हप्ते आणि दोन खेपांचा खर्च, म्हणजे वरच्या उदाहरणात अडीच लाख रुपये, खात्यात वेगळे राहत असतील तरच पुढं जा. सरकारी महामंडळाच्या योजनेतून व्याजाचा परतावा मिळणार असेल तर उत्तम, पण परतावा हप्ता भरल्यानंतर येतो. हप्ता आधी आपल्याच खिशातून जातो.

जुनी गाडी घेतली तर हप्ता निम्म्यावर येऊ शकतो, आणि नवख्या माणसाला आम्ही बहुधा तोच सल्ला देतो. पण घाई नको. सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना जा. विकणाऱ्यानं आधीच गाडी तापवून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी परत जा. चालू इंजिनचं ऑइल भरण्याचं झाकण काढून बघा. तिथून धूर जोरात फेकला जात असेल तर बॅक कॉम्प्रेशन आहे, रिंगा-पिस्टन गेलेत, आणि इंजिनकामाचा खर्च लाखांत जातो. मग गाडीखाली झोपा. चेसिसच्या लांब फ्रेमवर वेल्डिंगची शिवण, नवा रंग किंवा जादा पट्टी मारलेली दिसली तर ती गाडी ओव्हरलोड चाललेली असण्याची शक्यता आहे. पाट्यांच्या, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्यांच्या, कडा तपासा, मुख्य पाट्याला बारीक चीर असते ती बोटाला लागते, डोळ्याला दिसत नाही. पुढच्या दोन्ही टायरांची एकच कड झिजली असेल तर अलाइनमेंट गेलंय किंवा पुढचं चाक ज्यावर वळतं त्या किंगपिनमध्ये ढिलाई आहे. कागदांकडे वळलात की सरकारच्या ‘वाहन’ पोर्टलवर टॅक्स, फिटनेस, परमिट, ई-चलन आणि बँकेचा बोजा बघा. चेसिस नंबर आरसीशी स्वतः जुळवून पाहा. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं नाहरकत पत्र, दुसऱ्या आरटीओची गाडी असेल तर फॉर्म २८, हे हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. नॅशनल परमिट साध्या गाडीला १२ वर्षं आणि मल्टी-ॲक्सलला (दोनपेक्षा जास्त ॲक्सलच्या गाडीला) १५ वर्षं वयापर्यंतच मिळतं, तेव्हा अकरा वर्षांची सहाचाकी घेऊन बेंगळुरूचा बेत आखू नका. दिल्लीला माल न्यायचा असेल तर दिल्लीबाहेर नोंदलेल्या बीएस चार मालगाड्यांना तिथला प्रवेश ३१ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच दिलेला आहे.

छोट्या पिकअपचा विचार करत असाल तर नोंदणीतलं एकूण वजन ३,००० किलोच्या आत असेल त्या गाडीला परमिट लागत नाही. नावावरून अंदाज नको, आरसीवरचा आकडा वाचा. एकाच नावाच्या पिकअपचं एक मॉडेल या रेषेच्या आत असतं आणि दुसरं बाहेर. ड्रायव्हिंग लायसन्सबद्दलही गोंधळ होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं तो मिटवला. एलएमव्ही, म्हणजे हलक्या वाहनाच्या, लायसन्सवर ७,५०० किलोपर्यंतची मालगाडी चालवता येते. त्यावरच्या गाडीला हेवी लायसन्सच हवं, आणि ते दर पाच वर्षांनी नव्यानं करावं लागतं.

बाकीचे कागद थोडक्यात. नवी गाडी पासिंग झाली की फिटनेस दोन वर्षांचा, पुढं आठ वर्षं होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दर वर्षी. नॅशनल परमिटची एकत्रित फी वर्षाला १६,५०० रुपये. पीयूसी वर्षाची. सगळ्या तारखा मोबाइलमध्ये पंधरा दिवस आधीचा गजर लावून ठेवा, कारण यातली एक जरी संपलेली असली आणि त्याच दिवशी अपघात झाला तर विमा कंपनी पहिलं बोट तिथंच ठेवते.

विम्यात थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवतं. २०२२ साली ठरलेल्या दरानुसार १२ ते २० टन वजनाच्या मालगाडीला तो ३५,३१३ रुपये आहे. एजंट स्वस्तात देतो म्हणाला तर तो गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या भागात काटछाट करतोय. तिथं दोन गोष्टी बघा. पहिली, गाडीची जाहीर किंमत कर्जाच्या शिलकीपेक्षा कमी नको. दुसरी, आयएमटी २३. मालगाडीच्या साध्या पॉलिसीत दिवे, टायर, मडगार्ड, बंपर, बॉनेटच्या बाजू हे भाग धरलेले नसतात. अपघातात नेमकं हेच मोडतं. हे कलम जोडून घेतल्याशिवाय पॉलिसी घेऊ नका. पगारी ड्रायव्हर-क्लीनरसाठीचं संरक्षणही किरकोळ पैशांत जोडता येतं. आणि गाडीत माणसं बसवू नका, ओळखीची असली तरी. मालगाडीत बसलेल्या प्रवाशाला काही झालं तर भरपाई मालकाच्या अंगावर येऊ शकते.

आता वजन. १८.५ टन हे गाडी आणि माल मिळून. गाडी ताब्यात आली की टाकी फुल्ल, स्टेपनी, ताडपत्री, दोर, जॅक आणि ड्रायव्हर-क्लीनरसह रिकामी गाडी काट्यावर चढवा आणि ती चिठ्ठी केबिनमध्ये लावून ठेवा. साडेसहा टन भरली तर तुमची पासिंग, म्हणजे माल भरण्याची मर्यादा, १२ टन, मग शोरूममध्ये काहीही सांगितलेलं असो. ‘तीन टन जादा घे, सगळेच घेतात’ असं पहिल्याच आठवड्यात कुणीतरी म्हणेल. हिशेब करा. १२ टनांना ४५,००० म्हणजे टनाला ३,७५०. तीन टनांचे सव्वाअकरा हजार. मोटार वाहन कायद्यात ओव्हरलोडला २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० दंड आहे, म्हणजे २६,०००. शिवाय जादा माल तिथंच उतरवल्याशिवाय गाडी पुढं हलू देत नाहीत, उतरवण्याचा खर्चही तुमचा. पकडले गेला नाहीत तरी पाटे, टायर आणि ब्रेक लायनर त्याची किंमत वसूल करतातच.

माल भरताना मालकानं सुरुवातीच्या काही खेपांना स्वतः उभं राहावं. नग मोजून घ्या. कंपनी मोजू देत नसेल आणि सील लावत असेल तर बिल्टीवर, म्हणजे मालाच्या वाहतूक पावतीवर, सील नंबर लिहून ‘मोजणी न करता, सीलबंद’ असा शेरा मारून घ्या. फाटलेलं पोतं, दबलेला बॉक्स दिसला तर तिथंच फोटो आणि तिथंच शेरा. पुढं जाऊन ‘आधीच फाटलेलं होतं’ असं सांगून उपयोग होत नाही, भाड्यातून पैसे कापले जातात. ताडपत्री दोन टाका आणि पुढून मागं अशी टाका की पुढची कड वाऱ्यानं उचलली जाणार नाही. साखरेच्या गाडीला कोपऱ्यावरची एक घडी उलटी पडली तरी रात्रीच्या पावसात चार पोती जातात. माल मालकानं ट्रान्झिट विमा काढलाय म्हणून आपण सुटलो असंही नाही. विमा कंपनी त्याला भरपाई देते आणि मग वाहतूकदाराकडे वसुलीला येते.

ई-वे बिल, म्हणजे माल नेण्यासाठी जीएसटीच्या पोर्टलवर काढायचा कागद, हे माल भरणाऱ्याचं काम असलं तरी रस्त्यात अडकते तुमची गाडी. ५०,००० रुपयांच्या वरच्या मालाला ते लागतं, महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ही मर्यादा एक लाख आहे. दर २०० किलोमीटरला किंवा त्याच्या भागाला एक दिवस. ८५० किलोमीटरला पाच दिवस मिळतात आणि पहिला दिवस दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्री संपतो. ते हातात आलं की आधी गाडीचा नंबर एकेक अक्षर वाचून बघा. एका आकड्याची चूक असली तरी अधिकारी गाडी थांबवू शकतो. गाडी बिघडली आणि माल दुसऱ्या गाडीत भरला तर नंबर बदलून घेतल्याशिवाय ती गाडी हलवू नका. मुदत संपायच्या आठ तास आधीपासून संपल्यानंतर आठ तासांपर्यंत वाढवता येते. ती वाढवणार कोण, तुम्ही की ज्याच्या नावानं बिल्टी निघाली तो ट्रान्सपोर्टवाला, हे निघण्याआधी ठरवा आणि त्याचा रात्री उचलला जाणारा फोन नंबर ड्रायव्हरकडे द्या.

बिल्टी कुणाच्या नावाची, यावर जीएसटीही ठरतो. तुम्ही गाडी ट्रान्सपोर्ट कंपनीला भाड्यानं लावता आणि बिल्टी ती कंपनी काढते, तर तुमच्या भाड्यावर जीएसटी नाही. स्वतःची बिल्टी छापून थेट कंपनीचा माल उचलायला लागलात की तुम्ही मालवाहतूक एजन्सी झालात, मग नियम वेगळे. पहिलं वर्ष पहिल्या पद्धतीनं काढा. दहापर्यंत गाड्या असणाऱ्यानं पॅन नंबर आणि तसं लेखी निवेदन दिलं तर भाड्यातून टीडीएस कापत नाहीत. ते निवेदन प्रत्येक पार्टीला पहिल्याच बिलाबरोबर द्या. आयकरात १२ टनांवरच्या गाडीचं ठोक उत्पन्न टनामागे महिन्याला १,००० रुपये धरण्याची सोय आहे. १८.५ टनांच्या गाडीचं वर्षाचं २ लाख २२ हजार. एकच गाडी असलेल्याला मोठी हिशेबपुस्तकं ठेवायची गरज राहत नाही.

पैसे येण्याची बाजू सगळ्यात नाजूक. एजंटाच्या भाड्यात माल भरताना ७० ते ९० टक्के ॲडव्हान्स आणि बाकी पोच पावती दिल्यावर, अशी रीत आहे. थेट कंपनीत दर जास्त, पण पैसे ४५ ते ९० दिवसांनी. नव्या माणसाला जास्त दराचा मोह होतो, आणि चार खेपांचे एक लाख ऐंशी हजार बाजारात अडकून टाकीत डिझेल भरायला पैसे राहत नाहीत. पहिल्या सहा महिन्यांत चारांतल्या तीन खेपा ॲडव्हान्सच्याच करा. पोच पावतीवर सही, शिक्का, तारीख, आत गेल्याची आणि बाहेर पडल्याची वेळ आली की ड्रायव्हरनं गेटवरूनच दोन्ही बाजूंचा फोटो पाठवावा. मूळ पावती हरवली तर बाकी महिनोन् महिने लटकते. उद्यम नोंदणी मोफत होते, ती करून घ्या आणि नंबर बिलावर छापा. त्यानंतर पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत देणं घेणाऱ्यावर कायद्यानं बंधनकारक आहे, आणि थकले तर लघुउद्योगांसाठीच्या सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते. फोनवर भाडं देतो म्हणून ‘आधी गेटपासचे दोन हजार टाका’ असं कुणी म्हणालं तर तो भामटा. माल भरण्यासाठी गाडीवाल्यानं पैसे भरायचे नसतात.

गाडी रस्त्यावर आली की ॲव्हरेज टाकी-टू-टाकी मोजा. एकाच पंपावर, एकाच नोझलला, टाकी काठोकाठ भरायची आणि मीटरचा आकडा लिहायचा. खेप संपली की तिथंच पुन्हा काठोकाठ. १,७९० किलोमीटर झाले आणि ३७२ लिटर बसलं, तर ४.८१. हा आकडा सलग तीन खेपांत खाली येत असेल तर ड्रायव्हरवर संशय घेण्याआधी टायरची हवा, एअर फिल्टर आणि चिकटलेले ब्रेक बघा. चाकाच्या ड्रमजवळ हात नेला आणि एकच चाक इतरांपेक्षा जास्त तापलेलं लागलं तर तिथला ब्रेक सुटत नाही. डीईएफ सीलबंद कॅनमधलाच घ्या. रस्त्याकडेच्या सुट्या युरियानं नोझल चोकते, सेन्सर जातात, इंजिनाची ताकद घटते आणि लिटरमागे वाचवलेल्या वीस रुपयांपायी एक्झॉस्टचं पूर्ण युनिट बदलावं लागतं.

मागच्या जोड टायरांची हवा दर खेपेला गेजनं, टायर थंड असताना तपासा. काठीनं ठोकून आवाजावरून अंदाज घेण्याची सवय सगळीकडे आहे, पण ११० चा ८५ झालेला टायर काठीला नीट कळत नाही. जोडीतल्या एकाची हवा कमी झाली की सगळं वजन दुसऱ्यावर जातं, तो तापतो आणि फुटतो, आणि लोक फुटलेल्यालाच दोष देतात. रिमोल्ड, म्हणजे जुन्यावर नवं रबर चढवलेला, टायर मागं चालतो, पुढं कधीही नको.

उतारावर गाडी न्यूट्रल करायची नाही, हे ड्रायव्हरला पहिल्या दिवशी सांगा. बेंगळुरूहून येताना नव्या कात्रज बोगद्यातून बाहेर पडलं की नवले पुलापर्यंत लांब उतार आहे आणि तिथं किती माणसं गेली हे वर्तमानपत्रं वाचणाऱ्याला ठाऊक आहे. न्यूट्रलमध्ये इंजिनाची ओढ सुटते, सगळा भार ब्रेकवर येतो, लायनर तापून पकड सोडतात आणि सारखा ब्रेक मारून हवेचं प्रेशरही उतरतं. डिझेलही वाचत नाही. आजचं इंजिन गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की डिझेल बंद करतं, न्यूट्रलमध्ये उलट ते चालू राहण्यापुरतं पीतच असतं. ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा.

ड्रायव्हर हा या धंद्याचा कणा आहे. ठेवण्याआधी लायसन्स सरकारच्या ‘सारथी’ पोर्टलवर तपासा आणि स्वतः शेजारी बसून ५० किलोमीटर चालवून घ्या. पगार ठरल्या तारखेला द्या. रात्री किमान सहा तास झोप मिळेल असंच पोचण्याचं वचन पार्टीला द्या. ‘उद्या सकाळी सहाला गाडी लागलीच पाहिजे’ असं फोनवर कबूल करून ते ओझं त्याच्या डोळ्यांवर टाकू नका. तो गाडी सोडून गेला तर दुसरा मिळेपर्यंत हप्ता थांबत नाही, त्यामुळे घरातल्या एकाकडे तरी चालू हेवी लायसन्स असलेलं बरं.

आणि एखादा महिना बसलाच तोट्यात, तर हप्ता बाउन्स होण्याआधी शाखेत जाऊन सांगा. बाउन्सचा दंड आणि सिबिलवरचा डाग हप्त्याइतकाच जड असतो. दोन हप्ते थकले आणि पुढची भाडी दिसत नसतील, तर तिसऱ्याची वाट बघू नका. बँकेची लेखी परवानगी घेऊन गाडी स्वतः विकायला काढा. गाडी चालू स्थितीत, टायर-बॅटरीसह, तुमच्या दारातून विकली तर बरी किंमत येते. ओढून नेऊन यार्डात उभी राहिली की लिलावात ती पडेल भावानं जाते, आणि लिलावात न फिटलेली रक्कम तुमच्या आणि जामीनदाराच्या नावावर तशीच राहते.

आपले,
मालवाहतुकीच्या धंद्यातले काही जण